बँकिंग-फायनान्सची पदवी घेताना आधी ताळेबंद वाचायला शिका

‘बँकेत लागायचे असेल तर बँकिंगचीच पदवी घ्यावी लागते का?’ बारावीचा निकाल लागला की पालकांचा हा प्रश्न ठरलेला. उत्तर आहे, नाही. सरकारी बँकांतल्या प्रोबेशनरी ऑफिसर आणि लिपिक या पदांसाठी आयबीपीएस जी परीक्षा घेते, तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. स्टेट बँकेची परीक्षा वेगळी असते, तिथेही हीच अट. कृषी पदवीधर, इंजिनिअर, बी.ए. झालेली मुले दरवर्षी या परीक्षा देऊन अधिकारी होतात. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण पदांनाही शाखेची अट नाही. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला पदवीला ६० टक्के गुण लागतात, इतकेच.

हे आधीच सांगते, कारण या पदवीकडे अनेक घरांत नोकरीची हमी म्हणून पाहिले जाते. त्या भरवशावर प्रवेश घेतलेली मुले दुसऱ्या वर्षापर्यंत हिरमुसतात. शेजारच्या वर्गातला इतिहासाचा विद्यार्थी त्याच परीक्षेची तयारी करतोय हे त्यांना तोवर कळलेले असते.

मग ही पदवी घ्यायची कशासाठी? बँकेचा धंदा दुसऱ्याच्या पैशावर चालतो. बँकेने दिलेल्या शंभर रुपयांच्या कर्जात तिचे स्वतःचे थोडेच असतात, बाकी सगळे ठेवीदारांचे. हे पैसे कोणाला द्यायचे, किती द्यायचे, कशाच्या तारणावर द्यायचे, कोणाला नाही म्हणायचे, आणि दिलेले कर्ज बिघडू लागले आहे हे वेळेत कसे ओळखायचे, हा या विषयाचा गाभा आहे. स्पर्धा परीक्षा देऊन थेट काउंटरवर बसलेल्याला हे कामाच्या रेट्यात, तुकड्यातुकड्याने शिकावे लागते. तुम्हाला त्यासाठी सलग तीन वर्षे मिळतात. आणि ती सत्कारणी लावायची असतील तर सगळा अभ्यासक्रम ज्या एका कागदाभोवती फिरतो तो कागद नीट वाचता यायला हवा. तो कागद म्हणजे ताळेबंद.

आधी प्रवेशाचे बघू. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत साध्या बी.कॉम.च्या जोडीला अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स आणि फायनान्शियल मार्केट्स असे तीन पर्याय असतात. मुले त्यांना बीएएफ, बीबीआय, बीएफएम म्हणतात. हे अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत, त्यामुळे अनुदानित बी.कॉम.पेक्षा फी बरीच जास्त पडते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.कॉम.ला बँकिंग अँड फायनान्स हा विशेष विषय घेता येतो. बीएमएस किंवा बीबीए करायचे असेल तर २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत तिचा अर्ज भरायचा राहून जातो, म्हणून ती तारीख घरातल्या कोणीतरी लक्षात ठेवावी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. पुढे संशोधनाकडे किंवा परदेशी जायचा विचार असेल तर चौथे वर्ष जरूर करा. थेट नोकरीच करायची असेल तर तीन पुरेत.

बीएएफ, बीबीआय आणि बीएफएम या तिन्हींत निवड कशी करायची? आकडे जुळवण्यात मन रमत असेल आणि सीए डोक्यात असेल तर बीएएफ. शेअर बाजार, रोखे, म्युच्युअल फंड यांची ओढ असेल तर बीएफएम. बँक आणि विमा या दोन्हींचे कायदे आणि कामकाज शिकायचे असेल तर बीबीआय. आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर जवळच्या चांगल्या महाविद्यालयातले अनुदानित बी.कॉम. घ्या, वाचलेले पैसे आणि वेळ सीएच्या तयारीत किंवा स्पर्धा परीक्षेत घाला. यात कमीपणा काही नाही. मी तर अनेकांना हाच सल्ला देते. पदवीच्या नावापेक्षा अकाउंट्स, सांख्यिकी आणि व्यापारी कायदे हे तीन विषय कोण शिकवते, हे जास्त महत्त्वाचे आहे. प्रवेश घेण्यापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून एवढे विचारा : हे तास नियमित होतात का, संगणकावर एक्सेल प्रत्यक्ष करून घेतात का, आणि कॅम्पसमधून लागलेली मुले नेमके कोणते काम करतात. खासगी बँकांच्या ‘प्लेसमेंट’मधल्या बऱ्याच जागा खाती उघडण्याच्या आणि विमा विकण्याच्या टार्गेटच्या असतात. ते काम प्रामाणिक आहे, अनेकांना जमते आणि आवडतेही. पण कर्ज विभागाचे स्वप्न पाहून गेलेल्याला ते आधी माहीत असायला हवे.

आता ताळेबंदाकडे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला यासाठी एक सोय घरबसल्या मिळते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, गावोगावी विकास सोसायट्या आहेत, तालुक्याच्या ठिकाणी नागरी सहकारी बँका आहेत. घरातले कोणीतरी कशाचे तरी सभासद असतेच. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, त्याआधी वार्षिक अहवालाची पुस्तिका सभासदांच्या हाती पडते. ती मराठीत असते. पहिल्या पानांवर संचालकांचे फोटो, श्रद्धांजली, गुणवंत पाल्यांचे अभिनंदन. ती पाने उलटा आणि मागच्या आकड्यांच्या पानांवर या.

डाव्या बाजूला ‘भांडवल व देणी’, उजव्या बाजूला ‘मालमत्ता व येणी’. डावीकडे भागभांडवल, राखीव व इतर निधी, ठेवी, देणे व्याज. उजवीकडे रोख व बँक शिल्लक, गुंतवणूक, कर्जे, येणे व्याज, इमारत, फर्निचर. आईची मुदत ठेव इथे डाव्या बाजूला, म्हणजे संस्थेच्या देण्यात दिसते, आणि शेजाऱ्याने दुकानासाठी काढलेले कर्ज उजव्या बाजूला. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली दोन प्रकरणे या एका पानावर उभी असतात.

एका वर्षाच्या पुस्तिकेतून फारसे कळत नाही. तीन वर्षांच्या मिळवा, घरात नसतील तर संस्थेच्या कार्यालयात मागा, सभासदाला देतात. मग वहीत किंवा एक्सेलमध्ये तीन वर्षे शेजारी-शेजारी मांडा. ठेवींच्या प्रमाणात कर्जे किती, म्हणजे सीडी रेशो काय, तो वाढतोय की घटतोय? ठेवी आणि कर्जे भराभर वाढली आणि राखीव निधी जागच्या जागी राहिला, तर वाढत्या जोखमीला आधार कशाचा? संशयित व बुडीत कर्ज निधीत यंदा किती तरतूद केली, आणि थकबाकी किती वाढली? गुंतवणूक कोणत्या बँकेत ठेवली आहे? संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे किती कर्ज आहे, आणि त्यात थकीत किती? ऑडिट वर्ग ‘अ’ मिळालाय की ‘ब’, आणि लेखापरीक्षकाने खाली काय शेरे मारलेत? शेऱ्यांचे पान बारीक अक्षरात असते. ते सावकाश वाचा.

यातली एक ओळ मला फार बोलकी वाटते : येणे व्याज. नियमित कर्जावरचे व्याज प्रत्यक्ष हातात पडण्याआधीच, देय झाले की उत्पन्नात धरले जाते. यात चुकीचे काही नाही, हिशेबाची ती मान्य पद्धत आहे. पण कर्जे दहा टक्क्यांनी वाढली आणि येणे व्याज चाळीस टक्क्यांनी, तर नफा कागदावर आला आणि पैसे आले नाहीत असा त्याचा अर्थ निघतो. कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए झाले की वसूल न झालेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही. म्हणून कर्ज एनपीएत न दाखवण्याचा मोह होतो. हे एकदा उमगले की एनपीएचा धडा पाठ करावा लागत नाही.

एनपीएचे साधे सूत्र पुस्तकात असते : व्याज किंवा मुद्दल ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते अनुत्पादक. पण पीककर्जाला हे ९० दिवस लागू नाहीत. कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम आणि जास्त मुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकबाकी राहिली की ते एनपीए होते. कारण उघड आहे, शेतकऱ्याच्या हातात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, माल विकला की येतो. नियम असा का केला, हे विचारण्याची सवय लावून घ्या. तोंडी परीक्षेत आणि पुढे मुलाखतीत हाच प्रश्न येतो.

ग्रामीण भागातल्या मुलांनी याहून एक पायरी पुढे जावे. मार्चअखेर आली की गावात ‘नवं-जुनं’ करण्याची धावपळ सुरू होते. शेतकरी कुठून तरी चार-आठ दिवसांसाठी हातउसने पैसे काढतो, सोसायटीचे जुने पीककर्ज भरतो, नवे मंजूर झाले की त्यातून हातउसने फेडतो. सोसायटीच्या पुस्तकात वसुली चोख दिसते. व्याज सवलतीसाठी वेळेत भरणा लागतो, तोही झाला. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे मात्र तेवढेच राहिले, वर उसनवारीचे व्याज गेले. ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतकी स्पष्ट सापडायची नाही. गावाकडून शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला ती लहानपणापासून माहीत असते, फक्त हेही बँकिंगच आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रकल्पासाठी विषय शोधताय ना? आपल्या गावच्या सोसायटीच्या पाच वर्षांच्या कर्जवाटपाचा आणि वसुलीचा अभ्यास करा. सचिवांना भेटा. गेल्या वर्षीच्या मुलांचा ‘ग्राहक समाधान’ प्रकल्प नाव बदलून देण्यापेक्षा हे शंभर पटीने मोलाचे आहे. नाबार्ड दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यासाठी संभाव्यतायुक्त कर्ज योजना तयार करते, पीएलपी म्हणतात तिला. जिल्ह्यात दूध, फळबागा, सिंचन, लघुउद्योग यांना किती कर्जाला वाव आहे याचे आकडे तिच्यात असतात. ती नाबार्डच्या संकेतस्थळावर मिळते. तुमच्या प्रकल्पाचे पहिले प्रकरण तिच्यातून उभे राहील.

गणिताची भीती अनेकांना असते. त्यांनी एवढे एक उदाहरण एक्सेलवर स्वतः करून पाहावे. एक लाख रुपयांचे कर्ज, ३ वर्षे मुदत, ‘१२ टक्के फ्लॅट’. दुचाकी किंवा घरगुती वस्तू घेताना हा शब्द कानावर पडतो. फ्लॅट म्हणजे पूर्ण लाखावर तिन्ही वर्षे व्याज : ३६,००० रुपये. एकूण १,३६,००० भागिले ३६, म्हणजे महिन्याला साधारण ३,७७८ रुपये हप्ता. आता हेच कर्ज शिल्लक रकमेवर १२ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता येतो ३,३२१ रुपये आणि तीन वर्षांचे व्याज १९,६०० रुपयांच्या आत. ३,७७८ च्या हप्त्याचा खरा वार्षिक दर काढायला एक्सेलमधले रेट हे सूत्र वापरा आणि येणारा मासिक दर १२ ने गुणा. उत्तर २१ टक्क्यांच्या वर निघेल. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते आणि व्याज मात्र आरंभीच्या रकमेवर लावले, एवढ्यानेच आकडा इतका फुगला. पीएमटी, रेट, एक्सआयआरआर, पीव्ही ही चार सूत्रे हाताला बसली की वित्तीय गणिताचा निम्मा पेपर सुटतो. आणि घरातले कोणी कर्ज घ्यायला निघाले तर तुमचा शब्द कामाला येतो, तेही काही कमी नाही.

ताळेबंद वाचता आला म्हणजे सगळे कळले, असे मात्र समजू नका. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसीचे प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याने मुळापासून अभ्यासावे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५-अ खाली तिच्यावर निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. मार्च २०१९ च्या अहवालात बँकेचा ढोबळ एनपीए ४ टक्क्यांच्या आत दाखवला होता. प्रत्यक्षात ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते, आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. मुंबईतल्या कितीतरी गृहनिर्माण सोसायट्यांचे, निवृत्तांचे, लहान दुकानदारांचे पैसे अडकले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर नेली गेली. मार्च २०२० मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्के अशी कर्जाची कमाल मर्यादा आली. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

तुमच्या अभ्यासक्रमातल्या एक्स्पोजर नॉर्म्स, लेखापरीक्षण, ठेव विमा, द्विस्तरीय नियंत्रण या चार वेगवेगळ्या घटकांची गाठ या एका प्रकरणात पडते. उत्तरपत्रिकेत मर्यादेचा नियम लिहिताना तो कोणत्या दुखण्यातून आला हे माहीत असलेला विद्यार्थी परीक्षकाला लगेच ओळखू येतो. आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. डीआयसीजीसीचे ५ लाखांचे विमा संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. आजी-आजोबांना हे समजावून सांगा.

पैशाचे मोठे गणित, म्हणजे रिझर्व्ह बँक, महागाई, व्याजदर, मुलांना कोरडे वाटते, कारण ते व्याख्यांतून शिकवले जाते. व्याख्येऐवजी एखादा निर्णय घ्या. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींपैकी तिच्याकडे ठेवायच्या रोखीचे प्रमाण, ४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. हजार कोटींच्या ठेवी असलेल्या बँकेचे यामुळे ढोबळमानाने १० कोटी मोकळे होतात. हे पैसे रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी पडून असतात. तेच ९ टक्क्यांनी कर्जाऊ दिले तर वर्षाला ९० लाख. मग प्रश्न विचारा : बँक ते खरोखर कर्जाऊ देईल का, की सरकारी रोख्यांत टाकेल? कर्ज मागणारे आहेत का? ठेवीदाराला यातून काय मिळेल? पतधोरण समितीची बैठक साधारण दर दोन महिन्यांनी होते. २०१६ पासून दराचा निर्णय ही सहा जणांची समिती मतदानाने घेते, आणि ४ टक्के महागाईचे उद्दिष्ट, दोन टक्के खाली-वर, हा तिचा मापदंड. बैठकीनंतर गव्हर्नरांचे निवेदन येते, दोन आठवड्यांनी इतिवृत्त येते. दोन्ही इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी सुरुवातीला परिच्छेद-परिच्छेद वाचावे, अडलेले शब्द टिपून ठेवावेत. तेच तेच पन्नास-साठ शब्द पुन्हा येतात, तीन-चार निवेदनांनंतर वाचन सुरळीत होते.

आणि हा विषय आपला नाही, असे कोणी मनात आणू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाचे मूल्य स्थिर कसे राखायचे आणि चलन काढणाऱ्याच्या हातावर बंधन काय असावे, यावरचा त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ चा आहे. रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली, आणि तिचे पहिले भारतीय गव्हर्नर रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख, १९४३ साली. आंबेडकरांच्या ग्रंथातली एक-दोन प्रकरणे तिसऱ्या वर्षात वाचून बघा. अवघड आहेत, पण दराच्या आजच्या वादांमागचे मूळ प्रश्न तिथे उघडे मांडलेले सापडतात.

पदवीच्या जोडीला कोणती प्रमाणपत्रे घ्यावीत, याबद्दल क्लासवाले बरेच काही सांगतील. थोडक्यात माझे मत. एनआयएसएमच्या परीक्षा चांगल्या आहेत, स्वस्त आहेत आणि विद्यार्थ्याला देता येतात. म्युच्युअल फंड वितरकांची व्ही-ए ही त्यातली सुरुवातीची. मात्र प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते, त्यामुळे पहिल्या वर्षातच घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, शेवटच्या वर्षात द्या. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या आयआयबीएफच्या परीक्षा बँकेत काम करणाऱ्यांसाठी आहेत. विद्यार्थ्यांना त्यांचा क्लास विकणारे भेटले तर नमस्कार करून पुढे जा. सीए करायचेच असेल तर बारावीनंतर फाउंडेशन देता येते, किंवा वाणिज्य पदवीला ५५ टक्के मिळवून थेट इंटरमीडिएटला बसता येते. सीएफएची फी डॉलरमध्ये भरावी लागते, घरच्यांना त्या खर्चात घालण्याआधी इंग्रजीतले एखादे वित्तविषयक जाडजूड पुस्तक तुम्ही स्वतः आवडीने संपवता का, हे पाहा.

पुढच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रातच उत्तम जागा आहेत. अर्थशास्त्राकडे कल असेल तर पुण्याची १९३० पासूनची गोखले संस्था, किंवा रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. व्यवस्थापनाकडे जायचे तर मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था. बँकिंगच, आणि तेही खोलात, तर पुण्यात कोंढव्याची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था, एनआयबीएम. सगळ्यांच्या प्रवेश परीक्षा वेगवेगळ्या आहेत. दुसरे वर्ष संपल्यावरच्या सुट्टीत ठरवले तर तयारीला वेळ पुरतो.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लिपिक पदाची परीक्षा मराठीतूनही देता येते, आणि ज्या राज्याच्या जागेसाठी अर्ज केला तिथली भाषा येणे सक्तीचे आहे. महाराष्ट्रातल्या जागांसाठी मराठी लिहिता-वाचता येणे ही तुमची जमेची बाजू आहे. दुसरे म्हणजे अधिकारी पदाची मुलाखत. तिथे ‘तुमच्या जिल्ह्याची अग्रणी बँक कोणती?’ हा प्रश्न हमखास येतो. कोल्हापूर-सांगलीत बँक ऑफ इंडिया, पुणे-साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्र. नाव सांगून थांबू नका. जिल्ह्यात मुख्य पीक कोणते, कोणता उद्योग वाढतोय, बँका कर्ज कशाला देतात आणि कुठे हात आखडतात, हे दोन-चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. पीएलपी वाचलेला आणि सोसायटीच्या सचिवांशी बोललेला उमेदवार इथे अडत नाही.

राहिला फीचा प्रश्न. विनाअनुदानित अभ्यासक्रमासाठी अनेक घरे शैक्षणिक कर्ज काढतात. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो, म्हणून आत्ता काही भरायचे नाही असा समज होतो. व्याज मात्र पहिला पैसा महाविद्यालयाच्या खात्यात गेल्या दिवसापासून चालू असते. समजा, दरवर्षी आरंभी १ लाख असे ३ लाख उचलले, दर १० टक्के, आणि हप्ता चार वर्षांनी सुरू झाला. पहिल्या लाखावर ४०,०००, दुसऱ्यावर ३०,०००, तिसऱ्यावर २०,००० असे सरळव्याजाने ९०,००० रुपये चढतात. पहिल्या हप्त्याच्या दिवशी कर्ज ३ लाख ९० हजारांचे झालेले असते. हप्ता सुरू होण्याआधीच व्याज भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी २,५०० लागतील आणि मुद्दल ३ लाखांवरच राहील. असे व्याज नियमित भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात थोडी सवलतही देतात. तेव्हा सही करण्याआधी मंजुरीपत्र घरी आणा, आईवडिलांना शेजारी बसवून कलम-कलम वाचा, आणि शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी विचारून घ्या : सवलतीच्या काळात व्याज सरळ की चक्रवाढ, दर बदलता की स्थिर, आणि मुदतीआधी फेडले तर काही आकारणी आहे का.